पायात नसलेला काटा

माझ्या पायात काटा नव्हता. तरीही दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझा बाप तो शोधत राहिला.

हे वाक्य मी मनाशी इतक्या वेळा उच्चारले आहे, की नदीतल्या गोट्यासारख्या त्याच्या कडा आता झिजायला हव्या होत्या. त्या झिजल्या नाहीत. मी मोठ्याने फारसे बोलत नाही. न बोललेले शब्द झिजत नसावेत.

आमचा तांडा सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या माळावर आहे. खाली पूर्णेचे अडवलेले पाणी आणि त्यावर सकाळी हलणारी, मासे धरणाऱ्या भोयांची जाळी. वर मुरूम आणि बाभळी. बाभळींच्या मुलखात काटा काढणाऱ्याला मान असतो, आणि आमच्या तांड्यात तो मान माझ्या बापाचा, शंकरसिंगचा होता. त्याच्या करदोट्याला एक लोखंडी कडी असे आणि त्या कडीत तीन वस्तू: एक चिमटा, एक जाड सुई आणि चपट्या टोकाची एक सळई. माझा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर चालत असे, तेव्हापासूनची ती कडी. बैलाच्या खुरातला, माणसाच्या टाचेतला, लेकराच्या तळव्यातला, कुठलाही काटा असो, बा तो बोटाने चाचपून ओळखी आणि वर काढी. त्यासाठी त्याने कधी कोणाकडून काही घेतले नाही. काटा काढण्याचे मोल घेणारा पुढच्या जन्मी बाभूळ होतो, असे तो म्हणे.

आणखीही एक गोष्ट तो म्हणे, आणि माझे सारे दुखणे तिथूनच सुरू झाले. तो म्हणे, "लमाणाच्या पायाला आतून कायबी होत न्हाई. जे होतं ते बाहेरून शिरतं."

त्या वर्षी हिंगोली नवा जिल्हा झाला होता आणि त्याच हिवाळ्यात वनखात्याची भरती निघाली. वनरक्षकाच्या जागेसाठीची लेखी परीक्षा मी पार केली होती. उरली होती ती चाल: पंचवीस किलोमीटर, चार तासांत. तांडा हसला. लमाणाच्या पोराची चालण्यात परीक्षा घेणारे सरकार त्यांना भोळे वाटले. मला मात्र ती नोकरी हवी होती, इतकी की तिचे नाव उच्चारायलाही मी घाबरत असे. वर्गात, बाजारात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे मला बोलावे लागे आणि बोलताना माझे वाक्य अर्ध्यावरच तुटे. जंगलात माझ्या मौनाला कोणी हसले नसते. पुढची भरती कधी निघेल हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सरावासाठी मी औंढ्याहून कापडी बूट आणले. दुकानात माझ्या मापाचे नव्हते, म्हणून बोटभर लहान घेतले. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी अर्ध्या ब्लेडने अंगठ्याचे नख गोल, कोपऱ्यांत खोलवर कापले, आणि दुसऱ्या दिवसापासून कालव्याच्या रस्त्याने चालू लागलो. आठवड्याभरात उजव्या अंगठ्याची आतली कड सुजली, लाल झाली, मग तिच्यातून पाणी येऊ लागले. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नसे.

बाने माझा पाय मांडीवर घेतला तेव्हा अंगणात चारपाच जण होते. काटा काढणे हा आमच्याकडे उघड्यावरचा सोहळा असतो.

"काटा हाय," तो बोटाने दाबत म्हणाला. "खोल गेलाय."

"बा, काटा रुतल्याचं मला आठवत न्हाई."

"काटा काय सांगून शिरतो का रे? पाव्हणा हाय का त्यो?"

सगळे हसले.

"नखाचंच कायतरी असंल," मी म्हणालो.

"नखाचं? आपलंच नख आपल्याला कसं रुतंल? आपला दात आपल्याला चावतो का?"

"चावतो की, शंकऱ्या," ओट्यावरून रुक्माबाई म्हणाली. ती बाची चुलती. तिच्या तोंडाला तांड्यात सगळे घाबरत. "मला रोज चावतो. एकलाच राहिलाय ना, सूड उगवून राहिला."

पुन्हा सगळे हसले. त्या हसण्यात माझे वाक्य बुडाले आणि मी ते पुन्हा वर काढले नाही. बाने सुईने कड फाडली, सळईने आत कोरले. काही सापडले नाही. मग त्याने बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचे काळे, उकळते तेल जखमेवर टपकवले. काटा आत राहिला तर बिब्ब्याने तो वर येतो, अशी आमची समजूत. काटा असता तर कदाचित आलाही असता. आले ते फोड.

तो पुन्हा कोरे, पुन्हा बिब्बा घाली. मी दर वेळी दात आवळून पाय पुढे करी. मी का पुढे करत होतो, असे कोणी विचारील. ज्या घरात बापाचा हात हीच त्याची अब्रू असते, तिथे पाय मागे घेणे म्हणजे काय, हे त्या घरात जन्मल्याशिवाय कळत नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी चिमट्यात काहीतरी गवसले. बाने ओढले आणि माझ्या डोळ्यांपुढे पांढरा उजेड पसरला. त्याने तळहात सगळ्यांपुढे धरला. रक्ताने माखलेले, टोकदार, तांदळाएवढे काहीतरी त्यावर होते.

"बघा! हिवराचा हाय का बाभळीचा, तुमीच सांगा."

"बाभळीचाच," तांड्याचा नायक नेमसिंग म्हणाला. "शंकरसिंग, तुझ्या हाताला तोड न्हाई."

मी ते पाहिले. ते माझ्या नखाचे तुटलेले टोक होते. त्याला नखाचा वक्र होता, नखाची पारदर्शक कड होती. बाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मान खाली घातली. त्या आनंदाचा मला आयुष्यात पहिल्यांदा तिरस्कार वाटला. त्याने ते टोक चुन्याच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले.

त्यानंतर अंगठा अधिकच भयंकर झाला.

पौषात मी कोणाला न सांगता हिंगोलीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिले आणि म्हणाले, "नख उपटून काढावे लागेल. महिनाभर बूट घालायचे नाहीत." मी म्हणालो, महिन्याभरात माझी चाल आहे. त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. मी बसस्थानकावर येऊन बसलो. फलाटावरचा गलबला माझ्या भोवतीने ओढ्यासारखा वाहत होता आणि मी त्यात अडकलेल्या काटकीसारखा होतो.

शेजारी एक म्हातारा शेंगा विकत होता. त्याच्या हाताची बोटे आत वळलेली होती आणि त्या वळलेल्या बोटांनी तो कागदाच्या पुड्या मोठ्या ऐटीत बांधत होता.

"पाय उचलून टाकून राहिले, मालक," तो म्हणाला. "अंगठा का?"

मी मान हलवली.

"डॉक्टर काय म्हंतो?"

"नख उपटायचं."

"उपटायला ते काय गाजर हाय?" त्याने एक शेंग फोडून माझ्या हातावर ठेवली. "वसमतला जा. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टरीणबाई येती. पाय बघती. नुसते पाय. माणसाच्या तोंडाकडं बघतच न्हाई. सांगा, सटवाजीनं धाडलं म्हून."

तो उठला तेव्हा त्याच्या पायांत काळ्या, मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला दिसल्या. अशा चपला मी पूर्वी कुठे पाहिल्या होत्या ते मला त्या क्षणी आठवले नाही. वसमतला पोहोचल्यावर आठवले.

बाजाराच्या मागे पत्र्याची एक शेड होती. आत बाकड्यांवर माणसे ओळीने बसली होती आणि प्रत्येकाचे पाय पाण्याच्या टबात होते. कोणाला बोटे नव्हती, कोणाच्या तळव्याला पट्ट्या होत्या. दाराशी त्याच काळ्या चपलांची रांग होती. अशा चपला मी महारोग्यांच्याच पायांत पाहिल्या होत्या; तो त्यांचा दवाखाना होता.

मी परत फिरलो. खरेच फिरलो, अंगणातल्या लिंबापर्यंत आलो. तिथे अंगठ्यातून अशी कळ आली की झाडाला धरून उभे राहावे लागले. शेडमधून कोणीतरी ओरडले, "ओ अंगठेवाले मालक! इकडं!" सटवाजी होता, टबात पाय घालून बसलेला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या नजरांसमोरून पळून जाणे मला आत जाण्याहून अवघड वाटले.

डॉक्टर देवसरकरबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चश्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या. त्यांनी खरोखरच माझ्या तोंडाकडे पाहिले नाही.

"कोणी खणलं हे?"

मी टबांकडे पाहू लागलो.

"विहीर खणायची होती का? पाणी लागलंय, आता मोट बसवा." त्यांनी दिवा जवळ ओढला. "बिब्बाही घातलाय. वा. कोणी?"

"बापानं," मी म्हणालो.

त्यांचा हात क्षणभर थांबला. "त्याला पुन्हा या पायाला हात लावू द्यायचा नाही."

कोमट मिठाच्या पाण्यात माझा पाय बराच वेळ राहिला. मग त्यांनी तो मांडीवरच्या रुमालावर घेतला आणि शेजारच्या ताटात साधने मांडली. मी ती टक लावून पाहिली, कारण माझ्या बापाच्या कडीतल्या वस्तूंची ती जणू दूरची, शिकलेली भावंडे होती: बोथट टोकाची एक पातळ सळई, वाकड्या तोंडाची नखकातरी, बारीक दातांची छोटी कानस. बाची सळई खाली शोधत जाई. बाईंची सळई नखाच्या कडेखाली शिरली आणि तिने कड हलकेच वर उचलली. एवढाच फरक होता. त्या एवढ्याशा फरकासाठी मी दोन महिने जळालो होतो.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं नख मधेच तोडलं. आत जे उरलं त्याचा गळ झाला. मासा पोहतो तसा तू चालतोयस, गळ तोंडात घेऊन."

बधिर करणारे औषध लावून त्यांनी ते टोक कापून गुळगुळीत केले. मग सलाईनच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेतला, उभा चिरला आणि ती पन्हाळीसारखी नळी नखाच्या कडेवर सरकवली. आता नख आणि मांस यांच्यामध्ये प्लास्टिकची एक पातळ भिंत होती. नख तिच्यातून सरळ वाढणार होते. वरून चिकटपट्टी. संपले.

"दुखतंय का?" पलीकडून सटवाजीने विचारले.

"दुखतंय."

"भाग्यवान! थोडं आमाला बी द्या ना. माझ्या टाचेत खिळा घुसला व्हता, तसाच बाजार करून आलो. कळलंच न्हाई."

"सटवाजी, तोंड बंद. त्याचा पाय हलतो," बाई म्हणाल्या. मग पहिल्यांदा त्यांनी चश्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "रोज पाय भिजव. नख सरळ काप, गोल नाही. बुटाला अंगठ्यावर भोक पाड. नख मांसाच्या पुढे येईपर्यंत नळी निघता कामा नये. चालशील तू."

चालशील तू. हे दोन शब्द मी शेडबाहेर असे नेले, जसे कोणी ओंजळीत पाणी नेते. दाराबाहेर चार पावलांवर नेमसिंग नायक उभा होता. कापूस विकायला तो वसमतला आला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, शेडकडे पाहिले, चपलांच्या रांगेकडे पाहिले आणि पाठ फिरवून निघून गेला.

संध्याकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा बा दाराचे कवाड लावून बसला होता.

"कुठं गेलता?"

"वसमतला. अंगठा दाखवायला."

"महारोग्यांच्या टबात पाय घातलास?"

"टब धुत्यात, बा."

"टब धुत्यात!" तो ताडकन उठला. "मी तुझा काटा काढला. सगळ्या तांड्यानं बघितला. आन् तू माझ्या हाताचं वाटोळं करून तिथं जाऊन बसलास? नेमसिंग बोलणार न्हाई, त्यानं जबान दिली. पण उद्या हे फुटलं, तर मिनाला कोण करून नेईल? सांग!"

मिना माझी धाकटी बहीण. ती चुलीशी बसून राखेत रेघा ओढत होती. मला पुष्कळ काही सांगायचे होते: काटा नव्हता, ते नख होते, तिथल्या माणसांना दुखत नाही म्हणून त्यांचे पाय झिजतात आणि मला दुखते म्हणून तू हसतोस. ओठांपर्यंत आलेले सगळे परत गेले.

पण त्या रात्री जे झाले त्यापुढे बाचे ओरडणे काहीच नव्हते. आईला आम्ही याडी म्हणतो. माझ्या याडीने मला जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची एक वेगळी ताटली वाढली. ती पोचे आलेली ताटली पूर्वी कोंबड्यांच्या कण्यांना वापरत. भाकरी ठेवताना तिचा हात माझ्या हाताला लागू नये म्हणून जपत होता. तिचे डोळे भरलेले होते, आणि तरीही तो हात जपत होता. ज्या हाताने मला माती खाण्यापासून, विंचवापासून, तापापासून ओढून काढले, त्या हाताला आता माझी भीती वाटत होती. मी जेवलो. भाकरीचा प्रत्येक तुकडा मी रागासारखा गिळला.

संक्रांतीच्या सकाळी मी अंगणात पाय भिजवत बसलो होतो. सूज उतरू लागली होती. नळीच्या आत नखाची फिकट कड इंच इंच नव्हे, केसाएवढी पुढे येत होती आणि मी ती उगवत्या पिकासारखी पाहत असे. बा आला. त्याने उकिडवे बसून माझा घोटा धरला. करदोट्याची कडी वाजली.

"ते प्लास्टिक काढतो. त्याच्या खाली मुळी राहिली असंल काट्याची."

मी पाय ओढून घेतला. घमेले कलंडले, पाणी त्याच्या धोतरावर सांडले.

"न्हाई," मी म्हणालो.

एवढेच. बाविसाव्या वर्षी माझ्या बापाला मी म्हटलेले ते पहिले न्हाई होते. तो धोतर झटकत उठून गेला आणि चालीच्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

चाल हिंगोलीबाहेर झाली, भल्या सकाळी. हळदीचे दिवस सुरू झाले होते. रस्त्याकडेच्या शेतांत हळद शिजवायच्या कढया पेटल्या होत्या आणि तो कडवट, मातकट वाफारा धुक्यात मिसळून सगळ्या वाटेवर पसरला होता. माझ्या उजव्या बुटाला पाडलेल्या भोकातून पट्टी बांधलेला अंगठा बाहेर डोकावत होता.

"ए, ह्याच्या अंगठ्याला बी नंबर द्या रे!" एक पोरगा ओरडला. "त्योच पुढं निघून राहिला!"

शिट्टी झाली. मी चालू लागलो.

मी दमाने चाललो नाही, जिद्दीनेही नाही. मी रागाने चाललो. एक पाऊल बिब्ब्याचे, एक पाऊल ताटलीचे. एक पाऊल त्या पांढऱ्या कोटातल्या खांद्यांचे, जे उडवले गेले होते. एक पाऊल त्या हसण्याचे. इतकी वर्षे मी गिळलेले सगळे जणू तळव्यांत उतरले होते आणि डांबरावर आपटत होते. हसणारा पोरगा मागे पडला. ऊन वर आले. परतीच्या वाटेवर, गाव दिसू लागले तिथे, कोणीतरी रस्त्याच्या कडेला शेंगांची पाटी घेऊन उभे होते.

"मालक! दुखतंय का?"

"दुखतंय!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी कधीच ओरडलो नव्हतो.

"मग जा! बराबर हाय!"

थोड्या अंतरावर घामाने चिकटपट्टी सुटली आणि नळी हलली. मी खाली बसलो. माझ्या शेजारून माणसे निघून जात होती, त्यांच्या पावलांची धूळ अंगठ्यावर बसत होती. मी नळी बोटाने परत कडेवर सरकवली, रुमालाची पट्टी फाडून आवळली, आणि उठलो. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वनखात्याच्या साहेबांचा हात घड्याळाकडे गेलेला होता. ते म्हणाले, "चल, झालास पास."

तांड्यावर माझ्याआधी बातमी पोहोचली होती. दिवेलागणीला नायकाच्या ओट्यापुढे सगळे जमले. बाने गूळ वाटला. त्याचे माझ्याशी न बोलणे गर्दीत विरघळून गेले होते. तो उंच आवाजात सर्वांशी बोलत होता आणि मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवत होता.

"शंकरसिंगच्या चिमट्याची करामत," नेमसिंग म्हणाला. ते म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

आणि मग बाने ती डबी काढली. चुन्याची डबी. झाकण उघडून त्याने ते टोक तळहातावर घेतले आणि दिव्याखाली धरले.

"ह्यो! ह्यो काटा निघाला म्हून पोरगं चाललं. न्हाई तर पांगळं झालं असतं."

लोक वाकून पाहू लागले. कोणीतरी लेकराला कडेवर उचलून दाखवले. मला कळले की हे आता दर वर्षी होणार. माझ्या लग्नात होणार, माझ्या पोरांपुढे होणार. माझ्या पायातून उपटलेले माझेच नख बापाच्या तळहातावर काटा होऊन राहणार. मी हात पुढे केला आणि ते उचलून घेतले.

"हे माझं नख हाय," मी म्हणालो.

"काय?"

"नख. काटा नव्हताच. एक दिवस बी नव्हता. तू माझं नख तोडलंस, बा, आन् त्यानं माझा अंगठा सडला." माझा आवाज मला परका वाटत होता, तो उतरायला तयार नव्हता. "मी बरा झालो वसमतला. महारोग्यांच्या दवाखान्यात. त्यांच्याच टबात पाय घातला, त्यांच्याच बाकड्यावर बसलो. नायकाला ठाऊक हाय. घरात ठाऊक हाय. माझी ताटली येगळी हाय घरात. इचारा याडीला."

माझ्या शेजारी बसलेल्या एकाने पाय आखडून घेतले. ज्याने लेकराला उचलून दाखवले होते, त्याने ते मागे घेतले. मिनाने ओढणी तोंडावर ओढली आणि मला तिच्यासाठी वाईट वाटले. पण शब्द परत घ्यावेत असे वाटले नाही.

बाचा रिकामा तळहात अजून दिव्याखालीच होता.

"माझ्यापाशी काहून न्हाई बोललास?" तो हळू म्हणाला.

"बोललो व्हतो. पहिल्याच दिवशी. तू हासलास. सगळे हासले."

"मी बी हासले," ओट्यावरून रुक्माबाई म्हणाली.

ती काठी टेकत उठली, लोकांना बाजूला सारत आली आणि बापुढे बसून तिने आपला भेगाळलेला पाय त्याच्या मांडीवर आदळला.

"घे. सकाळी सरपण आणाया गेलते. टाचेत कायतरी गेलंय. काढ."

बाने कडी सोडवली. सुई हातात घेतली. मी आयुष्यभर तो हात पाहिला होता, तो कधी हलला नव्हता. आता दिव्याच्या उजेडात सुईचे टोक थरथरत होते. तो टाचेवर वाकला, थांबला, आणि मान न वर करता म्हणाला,

"रणजीत. बघ रे. काटाच हाय ना?"

सगळा तांडा ऐकत होता. एवढे विचारणे त्याला किती जड गेले असेल, ते मला समजत होते, आणि समजत होते म्हणून राग जात नव्हता. हाच प्रश्न दिवाळीत विचारला असता तर! मी गुडघे टेकून पाहिले. मळकट कातडीखाली एक काळा ठिपका होता, बारीक आणि सरळ.

"काटा," मी म्हणालो.

"मंग काढ लवकर, मुडद्या," रुक्माबाई म्हणाली. "सभा भरवली का माझ्या टाचेवर!"

कोणी हसले नाही. बाने काटा काढला. मी तो पाहायला थांबलो नाही.

रात्रीच्या जेवणाला माझी भाकरी पुन्हा जर्मनच्या ताटलीत आली. याडीचे हात सवयीने चालले असतील किंवा भीतीने. मी विचारले नाही. मी भाकरी उचलून ताटली पालथी घातली. भाकरी बाच्या पितळी ताटात, त्याच्या भाकरीवर ठेवली, आणि त्याच ताटातले कोरड्यास लावून पहिला घास घेतला.

याडी आणि मिना बघत राहिल्या.

बाने ताट ओढून घेतले नाही. माझ्याकडे सरकवलेही नाही.